वाचक विचारतात: संधिवाताच्या संशोधनात चूक सापडली तर?

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की छापून आलेल्या रिसर्च पेपरातली चूक दुरुस्त करणं हे नवा पेपर लिहिण्याइतकंच मोठं काम आहे. त्यावर एवढी पत्रं आली की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. पेशंट्सनी विचारलंय, शिकणाऱ्या डॉक्टरांनी विचारलंय, आणि एका संशोधक बाईंनी धीर करून स्वतःच्याच पेपराबद्दल विचारलंय, ते पत्र शेवटी घेतलंय. प्रश्न थोडे आखूड केलेत, नावं काढलीत. मी संधिवाताच्या अभ्यासांचं स्टॅटिस्टिक्स बघते, जर्नल्सकडून तपासायला आलेले पेपर वाचते, म्हणून उत्तरं त्याच बाजूने येतील.

ताई, मला ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) आहे, सहा वर्षं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतेय. या औषधावरचा एक मोठा पेपर मागे घेतला असं कुठेतरी वाचलं आणि झोपच उडाली. मग आम्ही इतकी वर्षं काय खातोय? गोळी बंद करू का?

गोळी बंद करू नका. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

तुम्ही वाचलेला पेपर बहुतेक लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला असणार. २२ मे २०२० ला आला, कोविडच्या ९६,०३२ पेशंटचा डेटा, ६७१ हॉस्पिटलं, सहा खंड, आणि निष्कर्ष असा की कोविडसाठी हे औषध दिलेल्यांमधे मृत्यू जास्त आणि हृदयाचे ठोके बिघडण्याचं प्रमाणही जास्त. खळबळ उडाली, जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ट्रायलमधला (पेशंटवरच्या औषध-चाचणीतला) या औषधाचा भाग तीन दिवसांत थांबवला. मग लोकांनी आकडे तपासायला घेतले तर ते जुळेनात, मूळ डेटा स्वतंत्र तपासणीसाठी मागितला तर तो पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीने तो दिलाच नाही, आणि ४ जूनला चारपैकी तीन लेखकांनी पेपर मागे घेतला. दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

आता दुसरी बाजू पण ऐका. त्याच वर्षी मार्चमधे फ्रान्समधून एक पेपर आला होता, जेमतेम ३६ पेशंटचा, की हे औषध कोविडवर काम करतं. जगभर धावाधाव झाली ती त्याच्यामुळे, आणि तुमच्यासारख्या ल्युपसच्या पेशंटना त्या काळात ही गोळी मिळेना झाली ती पण त्यातूनच. तो पेपर मागे घेतला गेला डिसेंबर २०२४ मधे. म्हणजे घातक म्हणणारा पेपर तेरा दिवसांत गेला आणि गुणकारी म्हणणाऱ्याला साडेचार वर्षांच्या वर लागली, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पण हे दोन्ही पेपर कोविडबद्दल होते. तुमच्या ल्युपसचा पुरावा वेगळा आहे आणि जुना आहे. १९९१ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी आजार शांत असलेल्या ४७ पेशंटवर एक ट्रायल केली, २५ जणांची गोळी चालू ठेवली, २२ जणांना तिच्या जागी नुसती दिसायला तशी गोळी दिली. चालू ठेवलेल्यांपैकी ९ जणांचा आजार उसळला, बंद केलेल्यांपैकी १६ जणांचा. त्यानंतरही बरंच काम झालंय. कोविडच्या पेपरांचं काहीही झालं तरी हे जागचं हलत नाही.

आणि एक गोष्ट खूप लोक चुकतात म्हणून सांगते. पेपर मागे घेतला म्हणजे त्याच्या उलटं खरं ठरलं असं होत नाही. लॅन्सेटचा पेपर गेला म्हणून औषध कोविडवर चालतं असं सिद्ध झालं नाही, दुसऱ्याच दिवशी ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलने जाहीर केलं की फायदा दिसत नाही. मागे घेणं म्हणजे फक्त एवढंच की या पुराव्यावर आता उभं राहू नका. डोळ्यांची तपासणी ठरल्याप्रमाणे करत राहा आणि शंका असेल तर ती तुमच्या डॉक्टरांना विचारा, गोळी आधी बंद करून मग विचारू नका.

इरेटम, कॉरिजेंडम, एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न, रिट्रॅक्शन, हे सगळं एकच का? की कमी-जास्त लाजेच्या पायऱ्या आहेत?

लाजेच्या पायऱ्या म्हणून बघितलं की सगळी गडबड सुरू होते, म्हणून तो शब्द बाजूला ठेवूया. इरेटम म्हणजे साधारणपणे छापताना जर्नलकडून झालेली चूक, कॉरिजेंडम म्हणजे लेखकांची चूक, पण बरीच जर्नल्स आता दोन्हीला सरळ करेक्शनच म्हणतात. निष्कर्ष टिकतोय पण काहीतरी चुकलंय तेव्हा हे. निष्कर्षच टिकत नाही तेव्हा रिट्रॅक्शन, मग कारण प्रामाणिक चूक असो नाहीतर बनवाबनवी, कोप नावाची प्रकाशन-नीतीवरची संस्था आहे १९९७ पासूनची, तिच्या गाईडलाईनमधे हे स्पष्ट आहे. एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न म्हणजे संपादक म्हणतायत की आम्हाला गंभीर शंका आहे, अजून निकाल लागलेला नाही पण वाचकांना अंधारात ठेवायचं नाही.

आणखी एक प्रकार हल्ली दिसतो, मागे घेऊन लगेच दुरुस्त आवृत्ती छापायची. चूक मोठी आहे पण प्रामाणिक आहे, डेटा खरा आहे, अशा वेळी हा चांगला मार्ग.

एका अक्षराचं करेक्शन पण छोटं असेलच असं नाही हं. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमधे, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या दीर्घ संधिवातात, मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. कुठल्या पेपरात किंवा तक्त्यात चुकून आठवड्याच्या जागी रोज असं छापलं गेलं आणि ते कोणी तसंच उतरवून घेतलं, तर बोन मॅरो म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा भाग बंद पडतो, जीव जातो. छपाईच्या भाषेत ती टायपो, पेशंटच्या बाबतीत ती विषबाधा.

मॅडम, मी रुमॅटॉलॉजी (संधिवाताचं वैद्यकशास्त्र) शिकतोय. जर्नल क्लबसाठी, म्हणजे पेपरावरच्या चर्चेसाठी, एक पेपर वाचत होतो, त्यातले आकडे एकमेकांशी जुळत नाहीयेत असं वाटतंय. सर म्हणाले एवढ्या मोठ्या जर्नलमधे आलंय, तुझंच काहीतरी चुकत असेल. मी काय करू?

तुझं चुकत असेल हे शक्य आहे, म्हणून आधी स्वतःला तपास, पण जर्नल मोठं आहे हे काही उत्तर झालं नाही. तू आकडे पाठवले नाहीस ते बरं केलंस, कारण मी इथे एका पेपराबद्दल बोलण्यापेक्षा तपासायचं कसं ते सांगते, आपल्या विषयात त्याच त्याच चार-पाच ठिकाणी चुका होतात.

पहिली, सगळ्यात सोपी, सरासरी. सुजलेल्या सांध्यांची संख्या पूर्णांकात असते, साडेतीन सांधे सुजत नाहीत. समज २५ पेशंट आहेत आणि तक्त्यात सुजलेल्या सांध्यांची सरासरी ६.३७ दिलीय. २५ ने भागल्यावर दशांश ०.०४ च्या पटीतच येणार, १५९ भागिले २५ म्हणजे ६.३६, १६० भागिले २५ म्हणजे ६.४०, मधे ६.३७ येऊच शकत नाही. याला ग्रिम टेस्ट म्हणतात, निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी मांडलेली, कागद-पेन्सिल पुरते. पण थांब, लगेच बोंब मारायची नाही, कदाचित एका पेशंटचा डेटा नसेल आणि खरा भागाकार २४ ने केला असेल, १५३ भागिले २४ काढून बघ, ६.३७५ येतं, ते छापताना ६.३७ झालं असेल. अशी साधी कारणं आधी सगळी काढून बघायची.

दुसरी, आणि माझ्या मते आपल्या विषयातली सर्वात त्रासदायक, सीआरपीचं म्हणजे शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्त तपासणीचं युनिट. डीएएस२८ म्हणजे आजार किती जोरात आहे हे सांगणारा स्कोअर, त्याच्या सीआरपीवाल्या फॉर्म्युल्यात सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमधे घालायचा असतो. बऱ्याच लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधे देतात. पेशंटचा सीआरपी २० आहे लिटरच्या हिशेबात, तोच डेसिलिटरच्या हिशेबात २. फॉर्म्युल्यात ०.३६ गुणिले (सीआरपी अधिक एक) चा नॅचरल लॉग असतो, २० घातलं तर साधारण १.१० येतं, २ घातलं तर ०.४०. म्हणजे स्कोअर ०.७ ने खाली, पेशंटला काहीही बरं न वाटता. युलार या युरोपातल्या संधिवाताच्या संस्थेच्या निकषात ०.६ च्या वर सुधारणा झाली तर मध्यम प्रतिसादात धरायला सुरुवात होते, हे तुला माहीत आहे. आता कल्पना कर की दोन सेंटर्सपैकी एकाने एक युनिट वापरलं आणि दुसऱ्याने दुसरं. पेपरात सरासरी सीआरपी आणि सरासरी स्कोअर दोन्ही दिलेले असतील तर अंदाजे जुळतात का बघ, लॉग असल्यामुळे तंतोतंत जुळणार नाहीत पण ०.७ चा फरक डोळ्यात भरतो.

तिसरी, स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (पेशंट एकमेकांपासून किती वेगळे) जागी स्टँडर्ड एरर (सरासरी किती अनिश्चित). १०० पेशंट असतील तर दोन्हीत दहापट फरक, आणि हा पेपर कोणी मेटा-अ‍ॅनालिसिसमधे, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणाऱ्या आढाव्यात, घेतला तर औषधाचा परिणाम दहापट मोठा दिसतो. वय बघ, प्रौढ पेशंट्सच्या वयाचं स्टँडर्ड डेव्हिएशन १.२ वर्षं असूच शकत नाही, सगळे काय एकाच वर्गातले होते का, तिथे स्टँडर्ड एररच छापलाय हे कळतं.

चौथी, दिशा. रोजची कामं किती जड जातात ते मोजणारा एचएक्यू ० ते ३, कमी म्हणजे चांगलं. एकूण तब्येत मोजणारा एसएफ-३६ ० ते १००, जास्त म्हणजे चांगलं. दोन्ही एकाच तक्त्यात आले की कुठेतरी चिन्ह उलटं पडतं.

मग पेशंटची संख्या, फ्लो डायग्रॅममधे एक, तक्त्यात दुसरी, सारांशात तिसरी. आणि ट्रायल रजिस्ट्रीत मुख्य मोजमाप म्हणून जे आधी लिहिलं होतं तेच पेपरात मुख्य आहे का, हे तर दर वेळी बघायचंच, २००५ पासून मोठ्या जर्नल्सनी आगाऊ नोंदणीची अट घातलीय ती त्यासाठीच.

हे सगळं करून शंका राहिली तर एका पानात लिहून काढ, पान क्रमांक, तक्ता क्रमांक, छापलेला आकडा, तुझा हिशेब. दुसऱ्या कोणाला तरी तोच हिशेब तुझा कागद न बघता करायला सांग. मग पत्रव्यवहाराच्या लेखकाला (पेपरावर ज्याचा पत्ता दिलेला असतो त्याला) ईमेल कर, आणि त्यात विचार, सुनावू नकोस. "तक्ता २ मधला हा आकडा मला असा येतोय, माझं काही समजायचं राहिलंय का?" असं. कितीतरी वेळा लगेच उत्तर येतं की हो, चुकलंय, आम्ही जर्नलला कळवतो. उत्तर नाहीच आलं तर संपादकांना लिही, लेखकाला केलेला ईमेल जोडून. हेतूबद्दल एक शब्द लिहायचा नाही, फ्रॉड वगैरे शब्द तर अजिबात नाही, तुला आकडे दिसतायत, माणसाच्या मनातलं दिसत नाहीये. संपादकाला पत्र छापून हवं असेल तर मुदत बघ, काही जर्नल्स पेपर आल्यापासून दोन ते चार आठवड्यांतच अशी पत्रं घेतात, हे मला अजिबात पटत नाही कारण चूक काय चार आठवड्यांनी बरोबर होते का? मुदत गेली असेल तरी संपादकांना कळवायचा मार्ग उघडाच असतो, आणि पबपिअर ही वेबसाइट आहेच, २०१२ पासून चालू आहे, तिथे पेपरावर नोंद टाकता येते.

सरांना तुझा एक पानाचा कागद दाखव. मला वाटतं कागद बघितल्यावर ते वेगळं बोलतील.

पीअर रिव्ह्यू (छापण्याआधी इतर तज्ज्ञांकडून तपासणी) असतो ना? मग चुका छापल्याच कशा जातात?

कारण तपासणाऱ्याकडे मूळ डेटा सहसा नसतोच. मला पेपर येतो तेव्हा मजकूर, तक्ते, आकृत्या येतात, आपापलं काम सांभाळून काही तास त्यावर घालवायचे असतात. तक्त्यात शिरण्याआधी झालेली चूक मला कशी दिसणार.

आणि हे आजचं नाही. पीटर गॉट्शे या डॅनिश डॉक्टरांनी १९८९ मधे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमधल्या वेदनाशामक औषधांच्या १९६ डबल-ब्लाइंड (कोणाला कोणतं औषध ते पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेल्या) ट्रायल्स एकेक करून तपासल्या. ७६ टक्के रिपोर्टांच्या सारांशात किंवा निष्कर्षात शंकास्पद किंवा न टिकणारी विधानं सापडली. आणि चुकांचा कल सातत्याने एका बाजूला, ८१ ट्रायल्समधे नव्या औषधाच्या बाजूने, जुन्याच्या बाजूने फक्त एकीत. नुसत्या हातचुका असत्या तर दोन्हीकडे सारख्या पडल्या असत्या. हे सगळे पेपर कोणीतरी तपासूनच छापले होते.

व्हायॉक्स या वेदनाशामक औषधाचा घोळ सगळ्यांना माहीत आहे. तरी तो मूळ पेपर मागे का घेतला नाही? संपादक घाबरले का?

घाबरले असं मी म्हणणार नाही, पण उशीर झाला हे नक्की, आणि हा प्रसंग नीट समजून घेण्यासारखा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हिगर नावाची ट्रायल, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे नोव्हेंबर २००० मधे छापली. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे ८,०७६ पेशंट, अर्ध्यांना रोफेकॉक्सिब म्हणजे व्हायॉक्स, अर्ध्यांना नेप्रोक्सेन हे दुसरं वेदनाशामक. प्रश्न होता पोटाचा, अल्सर आणि रक्तस्राव कमी होतो का, आणि तो खरंच निम्म्यावर आला. पण हार्ट अटॅक रोफेकॉक्सिबवर १७ आणि नेप्रोक्सेनवर ४ दिसले. पेपरात याचा अर्थ असा लावला की नेप्रोक्सेनच हृदयाचं रक्षण करत असेल.

नंतर कळलं की रोफेकॉक्सिबच्या गटात आणखी तीन हार्ट अटॅक होते, जे पेपरात नव्हते. म्हणजे २० विरुद्ध ४. कारण असं दिलं गेलं की ते ठरलेल्या तारखेनंतर झाले, पण हृदयाच्या घटना मोजायची शेवटची तारीख पोटाच्या घटनांच्या तारखेपेक्षा एक महिना आधीची ठेवलेली होती. एकाच ट्रायलमधे फायदा मोजायला पूर्ण वेळ आणि धोका मोजायला एक महिना कमी. शिवाय ते तिघे हृदयाचा धोका कमी असलेल्या गटातले होते, आणि पेपर तर सांगत होता की धोक्यातला फरक मुख्यतः आधीच जास्त जोखीम असलेल्यांमधे आहे. तीन माणसं गाळल्याने नुसता आकडा बदलला नाही, कोणाला हे औषध द्यायला हरकत नाही याचं उत्तरच बदललं.

औषध बाजारातून काढलं ३० सप्टेंबर २००४ ला. जर्नलने एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न छापलं डिसेंबर २००५ मधे. औषध बनवणाऱ्या कंपनीबाहेरच्या लेखकांनी आणि कंपनीतल्या लेखकांनी आपापली उत्तरं दिली, की आमचं काही चुकलं नाही, आणि २००६ मधे संपादकांनी पुन्हा सांगितलं की आम्ही आमच्या म्हणण्यावर कायम आहोत. पेपर आजही तसाच उभा आहे, वर ती शंकेची पाटी लावून. पोटाबद्दलचा भाग चुकीचा ठरला नव्हता, म्हणून सगळा मागे घ्यायचा का यावर मतभेद होऊ शकतात, हे मी मान्य करते. पण माझं मत विचाराल तर त्या तीन घटना धरून पूर्ण दुरुस्त तक्ते त्याच पेपराच्या पोटात छापायला हवे होते, वाचकाने दुसरीकडे जाऊन शोधायची वेळ यायला नको होती.

याच औषधाची दुसरी एक दुरुस्ती लोक विसरतात. अ‍ॅप्रूव्ह नावाची ट्रायल, २,५८६ पेशंट, २००५ मधे छापली. तिच्यात म्हटलं होतं की हृदयाचा धोका १८ महिन्यांनंतरच दिसायला लागतो. डॉक्टर आणि कंपनीचे वकील दोघांनी ते वाक्य उचललं, कारण त्याचा अर्थ होतो की थोडे दिवस घेतलेल्यांना काही होत नाही. २००६ मधे जर्नलने करेक्शन छापलं: पेपरात जी स्टॅटिस्टिकल टेस्ट वापरली म्हणून लिहिलं होतं ती प्रत्यक्षात वापरलीच नव्हती, दुसरी वापरली होती, आणि लिहिलेली वापरली तर १८ महिन्यांच्या दाव्याला पुरेसा आधार मिळत नाही. ते विधान काढून टाकलं. मेथड्सच्या परिच्छेदातलं एक वाक्य, आणि त्यावर किती पेशंट्सची समजूत घातली गेली असेल कोण जाणे.

मी गाईडलाईन वाचतो, मेटा-अ‍ॅनालिसिस वाचतो, सुटे पेपर वाचतच नाही. मग मला याची काळजी करायची गरज आहे का?

उलट जास्त आहे. सुटा पेपर चुकला तर एक पेपर चुकतो, तो मेटा-अ‍ॅनालिसिसमधे गेला की चूक बेमालूम मिसळते.

हाडांच्या ठिसूळपणातलं उदाहरण देते, आपल्या विषयाला अगदी लागून असलेलं. योशिहिरो सातो नावाचे जपानी डॉक्टर, पक्षाघात, पार्किन्सन अशा पेशंट्समधे खुब्याचं हाड मोडणं औषधांनी किंवा व्हिटॅमिनांनी किती कमी होतं यावर त्यांच्या ट्रायल्सच्या ट्रायल्स, निकाल नेहमी झगझगीत. मार्क बोलँड, अँड्र्यू ग्रे, ग्रेग गॅम्बल आणि अ‍ॅलिसन अव्हेनेल यांनी त्यांच्या ३३ ट्रायल्स एकत्र ठेवून बघितल्या, त्यांचा तो अभ्यास २०१६ मधे न्यूरॉलॉजी या जर्नलमधे आला. दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडले की ते सुरुवातीला साधारण सारखे असतात, पण थोडाफार फरक पडतोच, योगायोगाने कधी कधी जास्तही पडतो. इथे गट इतके सारखे होते की नशिबाने तसं होणं जवळपास अशक्य. त्यातला एक पेपर जामा या अमेरिकन जर्नलमधे २००५ साली आलेला, तो मागे घेतला २०१६ मधे. अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत तो किती आढाव्यांत बेरजेला धरला गेला, आणि पेपर मागे घेतला म्हणून ते आढावे काही आपोआप दुरुस्त होत नाहीत, प्रत्येक लेखकाला कोणीतरी कळवावं लागतं आणि त्याने पुन्हा हिशेब करावा लागतो. हे काम कोणाचं, याचं उत्तर अजून कोणी नीट घेतलेलं नाही. मला विचाराल तर हे आपल्या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं भगदाड आहे.

तुम्ही एवढं करू शकता: आढाव्यातला एखादाच पेपर सगळा निकाल ओढून नेत असेल तर तो उघडून बघा. जर्नलच्या पानावर अपडेट तपासायचं क्रॉसमार्कचं बटण असतं, पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या यादीवर मागे घेतलेल्या पेपरावर ठळक पट्टी येते, मागे घेतलेल्या पेपरांचा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ पासून क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि सगळ्यांना फुकट खुला आहे, संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते स्वतःहून सांगतं. कॉम्प्युटरवर डाऊनलोड करून ठेवलेल्या जुन्या पीडीएफवर मात्र यातलं काहीच दिसत नाही, आणि आपण सगळे वाचतो त्याच.

ताई, हे पत्र लिहायला तीन आठवडे लागले. दोन वर्षांपूर्वी माझा रुमॅटॉइड आर्थ्रायटिसवरचा पेपर छापून आला, मी पहिली लेखक. परवा दुसऱ्या कामासाठी तीच फाईल उघडली तर दिसलं की एका सेंटरच्या पेशंट्सचे गटांचे कोड उलटे भरले गेलेत. पुन्हा हिशेब केला, फायदा बराच कमी होतो आणि मुख्य निकाल आता सिग्निफिकंट (नुसता योगायोग नाही असं म्हणण्याइतका पक्का) राहत नाही. सहलेखक म्हणतात कोणाच्या लक्षात आलेलं नाही, गप्प राहा. मला रात्री झोप लागत नाही.

तुम्ही लिहिलंत याचं मला खूप बरं वाटलं. तुम्ही एकट्या नाही आहात, अगदी हाच प्रकार जामामधे झालाय. २०१८ मधे सीओपीडी या फुप्फुसांच्या दीर्घ आजाराच्या २४० पेशंट्सवरची ट्रायल आली, की हॉस्पिटलातून घरी जाताना विशेष मदत दिली तर पुन्हा भरती व्हायचं प्रमाण कमी होतं. नंतर त्याच संशोधकांना पुढचं काम करताना कळलं की दोन गटांचे कोड उलटे पडलेत. खरा निकाल उलटा होता, मदत दिलेल्या गटात भरती जास्त. त्यांनी स्वतः जर्नलला कळवलं, २०१९ मधे पेपर मागे घेऊन दुरुस्त आवृत्ती छापली, काय झालं ते उघडपणे लिहिलं. त्यांच्याबद्दल मी ज्या ज्या वेळी बोलताना ऐकलंय ते आदरानेच.

माझ्या स्वतःच्या एका पेपरात स्टँडर्ड एरर आणि डेव्हिएशनची अदलाबदल झाली होती, एका अनोळखी विद्यार्थिनीने ईमेल करून दाखवली. निष्कर्ष टिकला, करेक्शन छापलं. पण तो ईमेल उघडला तेव्हा पोटात खड्डा पडला होता तो अजून आठवतो, म्हणून तुमच्या तीन आठवड्यांचा अंदाज मला येतो. तुमची चूक माझ्यापेक्षा मोठी आहे, ते मी लपवत नाही.

आता काय करायचं. जुनी फाईल आहे तशीच कुलूपबंद ठेवा, तिच्यात काही बदलू नका, दुरुस्ती नव्या प्रतीत करा. तुमच्या टीमबाहेरच्या स्टॅटिस्टिशियनकडून पूर्ण हिशेब पुन्हा करून घ्या, फक्त त्या सेंटरचा नाही सगळ्याच सेंटर्सचा, कारण एक कोड उलटा पडलाय तर दुसरं काही नसेलच असं नाही. मग सहलेखकांना लेखी कळवा, तारीख घालून, की अमुक दिवशी मी संपादकांना लिहिणार आहे, तुम्ही सही करावी अशी इच्छा आहे. सगळ्यांची संमती मिळेपर्यंत थांबायची गरज नाही, एका लेखकाने कळवलं तरी संपादकांना चौकशी करावीच लागते. तुमच्या संस्थेत संशोधनाच्या सचोटीची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांनाही त्याच दिवशी प्रत द्या, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की लपवाछपवी होती.

सहलेखक म्हणतात कोणाच्या लक्षात आलेलं नाही. पण तुमच्या लक्षात आलंय ना. या क्षणापर्यंत ही प्रामाणिक चूक होती, आणि पुढे माहीत असून तुम्ही ती तशीच राहू दिलीत तर तिला तो शब्द लावता येणार नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. आणि हेही सांगा की कुठेतरी एक डॉक्टर तुमचा पेपर वाचून पेशंटचं औषध बदलतोय, त्या पेशंटचे सांधे पुढची वर्षं त्या औषधाच्या भरवशावर आहेत.

मागे घेऊन दुरुस्त आवृत्ती छापायची विनंती स्वतःहून करा, कारण मुख्य निकाल बदलतोय, नुसतं करेक्शन पुरणार नाही. पत्र साधं लिहा: कोणत्या सेंटरचे कोड कसे उलटे पडले, किती पेशंट, कधी आणि कसं लक्षात आलं, जुना आकडा, नवा आकडा, निष्कर्षात काय बदललं. क्षमायाचनेची दोन पानं नकोत, एक वाक्य पुरे. दुरुस्त तक्ते आणि शक्य असेल तर पेशंटची ओळख काढलेला डेटा सोबत द्या. तुमच्या पेपराला ज्यांनी आपल्या आढाव्यात घेतलंय त्यांची यादी काढून त्यांनाही तुम्हीच कळवा, जर्नल कळवेल याची वाट बघू नका.

मसुदा झाला की मला पाठवा. आकडे मी रात्रीतून तपासून देईन.